वाफसा राखणारा वाफा : नाशिकच्या परसबागेतील भाजीपाला

नाशिक जिल्हा भाजीपाल्याचा जिल्हा म्हणून सर्वपरिचित आहे. लासलगावचा कांदा आणि पिंपळगाव बसवंतचा टोमॅटो राज्याच्या सीमा ओलांडून दूरवर जातो. जिल्ह्यातील कोबी, फ्लॉवर, मेथी आणि कोथिंबीर मुंबईच्या बाजारात पोहोचते. मोगल अमलात या शहराला गुलशनाबाद असे नाव होते, यावरूनही येथील बागायतीची परंपरा किती जुनी आहे, याची कल्पना येते. असे असूनही जिल्ह्यातील अनेक घरांच्या परसदारी भर पावसाळ्यात भाजीचे एक हिरवे पान दिसत नाही.

याचे कारण हौसेचा अभाव हे नव्हे. मे महिन्यात जागा साफ केली जाते, बी आणले जाते. मृगाच्या सरींबरोबर ते उगवतेही. पुढे आर्द्रा आणि पुनर्वसूच्या झडीत रोपे पिवळी पडतात, काही बुडाशी कुजून कोलमडतात. श्रावणात बाजारातील पालेभाजी महाग आणि चिखलाने माखलेली असते, आणि नेमक्या त्याच वेळी परसबागेची जागा तणाने भरून जाते. "आमच्या मातीत भाजी येत नाही," असा निष्कर्ष काढून कुटुंब हा नाद कायमचा सोडून देते. वास्तविक दोष मातीचाही नसतो आणि बियाण्याचाही नसतो. बहुतेक वेळा तो वाफ्याच्या उंचीचा असतो.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळून आला. दर माणशी दररोज किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या आहारात असाव्यात, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पाच माणसांच्या कुटुंबाला याचा अर्थ दिवसाला दोन किलो होतो. एवढा सर्व पुरवठा लहानशा परसबागेतून होणार नाही, हे उघड आहे. परंतु पालेभाजी, कोथिंबीर, हिरवी मिरची, शेंगभाजी आणि एखादी फळभाजी घरच्या घरी ताजी मिळू शकते. भाजी महागल्यावर ज्या घरात ती प्रथम ताटातून वगळली जाते, त्या घराला याचे मोल अधिक आहे.

वाफसा म्हणजे काय?

मराठी शेतकऱ्याच्या बोलीत वाफसा हा एक अत्यंत अर्थपूर्ण शब्द आहे. जमिनीत ओल आहे, पण चिखल नाही. मातीच्या कणांभोवती पाणी आहे आणि कणांमधील पोकळीत हवाही आहे, अशी स्थिती म्हणजे वाफसा. मूठभर माती दाबली असता तिचा गोळा व्हावा आणि तो कमरेच्या उंचीवरून खाली टाकताच फुटावा, ही वाफशाची साधी परीक्षा होय. गोळा झालाच नाही तर जमीन कोरडी समजावी. तो पडूनही न फुटता चपटा झाला तर जमीन जास्त ओली समजावी.

गोदावरी आणि कादवा यांच्या खोऱ्यातील माती काळ्या पाषाणाच्या झिजेतून तयार झालेली आहे. तिच्यातील चिकणमातीचे कण अत्यंत सूक्ष्म असतात. ते पाणी शोषून फुगतात आणि वाळताना आक्रसतात. म्हणूनच उन्हाळ्यात या जमिनीला भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्या बुजून जमीन घट्ट होते. ओल धरून ठेवण्याचा गुण हे या मातीचे मोठे बळ आहे. परंतु लागोपाठ चार-सहा दिवस पाऊस लागला की हाच गुण अवगुण ठरतो. मातीतील सर्व पोकळ्या पाण्याने भरतात आणि हवा बाहेर ढकलली जाते.

वनस्पतीच्या मुळांनाही श्वसन करावे लागते. हवा नसेल तर मुळे आपले काम करू शकत नाहीत, पाणीसुद्धा शोषू शकत नाहीत. त्यामुळे पाणथळ मातीत उभे असलेले मिरचीचे रोप उघडीप पडताच तहानेने सुकल्याप्रमाणे माना टाकते. ते पाहून घरातील माणूस त्याला आणखी पाणी घालतो आणि रोप दगावते. अशा वेळी मुळांना हवी असते ती हवा.

गादीवाफ्याचे सारे शास्त्र यात आले. पाणी साठते ते तळाशी. वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच केला की मुळांना साठलेल्या पाण्याच्या वरचा, हवा खेळणारा थर मिळतो. जादा पाणी वाफ्यातून पाझरून बाजूच्या वाटेत उतरते. सपाट जमिनीला वाफसा येण्यास जितके दिवस लागतात, त्याहून कितीतरी लवकर तो गादीवाफ्याला येतो.

शेतातील अनुभव

ही रीत नाशिकला नवी नाही. खरीप कांद्याचे रोप टाकणारा प्रत्येक शेतकरी ती जाणतो. एक हेक्टर लागवडीसाठी सुमारे पाच गुंठे क्षेत्रावर रोपे तयार करावी लागतात. ही रोपवाटिका पावसात सपाट जमिनीवर टाकली तर रोपे कोलमडतात, म्हणून सुमारे एक मीटर रुंदीचे आणि १० ते १५ सेंटिमीटर उंचीचे गादीवाफे करण्याचा प्रघात पडला. कांदा व लसणाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र १९९४ मध्ये नाशिक येथेच सुरू झाले आणि १९९८ मध्ये ते पुणे जिल्ह्यातील राजगुरुनगर येथे गेले. या संस्थेने केवळ रोपांसाठी नव्हे, तर कांद्याच्या मुख्य लागवडीसाठीही १२० सेंटिमीटर रुंद व १५ सेंटिमीटर उंच वाफा आणि दोन वाफ्यांमध्ये ४५ सेंटिमीटरची सरी अशी पद्धत सुचविली आहे. हैदराबादजवळील पाटणचेरू येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या इक्रिसॅट या संस्थेने काळ्या जमिनीतील कोरडवाहू शेतीसाठी रुंद वरंबा आणि सरीची पद्धत विकसित केली. तिच्यामागचे तत्त्वही हेच आहे.

जगात इतरत्रही माणसाने पाणी पाहूनच वाफ्याची उंची ठरविली आहे. मेक्सिकोतील सोचिमिल्को येथे उथळ तळ्यात गाळ आणि वनस्पतींचे थर रचून उंच वाफे करण्याची प्रथा शेकडो वर्षे चालत आली आहे. तेथून उत्तरेला, अमेरिकेतील न्यू मेक्सिकोच्या कोरड्या प्रदेशात झुनी लोक याच्या नेमके उलट करीत आले. त्यांचे वाफे खोलगट असतात आणि पाणी अडून राहावे म्हणून भोवती मातीची कड असते. पाणी जास्त तेथे वाफा वर आणि पाणी कमी तेथे वाफा खाली, हा धडा नाशिक जिल्ह्याला विशेष लागू पडतो, कारण या एकाच जिल्ह्यात दोन्ही परिस्थिती आढळतात.

उंची किती असावी?

जिल्ह्याच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीतील इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर पूर्वेकडील येवला आणि मालेगावला तो पाचशेच्या आसपास असतो. त्यामुळे सर्वांना एकच माप सांगणे योग्य होणार नाही.

इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाणा या भागांत पाऊस फार आणि जमीन उताराची असते. येथे वाफा २५ ते ३० सेंटिमीटर उंच करावा, उताराला आडवा घ्यावा आणि त्याच्या कडेला दगड लावावेत, म्हणजे माती वाहून जाणार नाही. नाशिक, निफाड आणि दिंडोरीच्या काळ्या जमिनीत १५ ते २० सेंटिमीटर उंची पुरेशी होते. सिन्नरचा पूर्व भाग, येवला, नांदगाव आणि मालेगाव येथे ८ ते १० सेंटिमीटर उंची पुष्कळ झाली. हलकी, मुरमाड जमीन असेल तर तेथे गादीवाफ्याची गरजही नसते.

आपल्या जागेविषयी शंका असल्यास एक सोपी चाचणी करावी. ३० सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद व खोल खड्डा घेऊन तो पाण्याने भरावा. ते पाणी जिरल्यावर पुन्हा भरावा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी चार तासांनंतरही खड्ड्यात दिसत असेल तर निचरा मंद आहे, असे समजून वाफा उंच करावा. ते तासाभरात नाहीसे झाले तर वाफा सपाट ठेवला तरी चालेल.

जागा आणि आखणी

भाजीला दिवसातून किमान सहा तास ऊन हवे. विहिरीच्या, नळाच्या किंवा मोरीच्या जवळची जागा सोयीची असते, परंतु मोठ्या झाडाखालची जागा टाळावी. तेथे सावली पडते आणि झाडाची मुळेही वाफ्यातील खत खातात.

वाफ्याची रुंदी हाताच्या पोचेवर ठरते. माणसाचा हात वाफ्याच्या कडेवरून ५० ते ६० सेंटिमीटरपर्यंत सहज पोहोचतो. म्हणून दोन्ही बाजूंनी काम करता येईल अशा वाफ्याची रुंदी एक मीटर ठेवावी. भिंतीलगतच्या वाफ्याला एकाच बाजूने हात पोहोचतो, म्हणून तो अर्धा मीटर रुंद असावा. शाळेच्या परसबागेत मुले काम करणार असतील तर रुंदी पाऊण मीटरच ठेवावी. या मापांमागे एक पक्का नियम आहे : तयार वाफ्यावर कोणीही पाय देऊ नये. ओल्या काळ्या मातीवर एकदा पाय पडला की तेथील हवेच्या पोकळ्या दबतात आणि केलेली मेहनत वाया जाते.

एक मीटर रुंद व तीन मीटर लांब असे चार वाफे आणि त्यांच्यामध्ये ४५ सेंटिमीटरच्या वाटा, ही मांडणी एका कुटुंबाला आटोपशीर आहे. कडेने फिरण्याची जागा धरून तिला सुमारे साडेपाच मीटर बाय चार मीटर, म्हणजे १८ फूट बाय १३ फूट एवढी जागा लागते. गुंठ्याचा हा जेमतेम पाचवा हिस्सा होय. वेलांचा मांडव उत्तरेकडील कडेला घालावा, म्हणजे त्याची सावली इतर वाफ्यांवर पडणार नाही.

पाणी बाहेर कोठे जाणार, हे वाफे करण्यापूर्वीच ठरवावे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर वरील २२ चौरस मीटर जागेत अकराशे लिटर पाणी पडते. त्याला वाट दिली नाही तर गादीवाफा केवळ तळ्यातले बेट होऊन बसेल. म्हणून वाटांना तीन मीटर लांबीत दोन ते तीन सेंटिमीटर उतार द्यावा आणि खालच्या टोकाला एक उथळ शोषखड्डा करावा. खड्ड्याच्या काठी केळ किंवा अळू लावल्यास पाण्याचा निचरा होतो आणि त्याचा उपयोगही होतो.

वाफा बांधण्याची रीत

वाफे मे महिन्यात, मृगापूर्वी तयार करावेत. पाऊस सुरू झाल्यावर काळ्या मातीत कुदळ घालणे म्हणजे ढेकळे आणि चिखल यांना आमंत्रण होय. माती विकत आणण्याची सहसा गरज पडत नाही. पुढील हिशेब पाहिल्यास हे लक्षात येईल.

प्रथम वाफ्याची जागा २५ ते ३० सेंटिमीटर खोल खणून ढेकळे फोडावीत. खणलेली माती भुसभुशीत होऊन साधारण पाच सेंटिमीटर वर येते. नंतर वाटेची वरची १० सेंटिमीटर माती काढून वाफ्यावर घालावी. ४५ सेंटिमीटर रुंद आणि तीन मीटर लांब वाटेतून निघणारी माती वाफ्याला आणखी चार ते साडेचार सेंटिमीटर उंची देते. त्यावर पाच सेंटिमीटर जाडीचा चांगल्या कुजलेल्या खताचा थर द्यावा. पंधरा लिटरच्या घमेल्याने मोजल्यास एका वाफ्याला दहा घमेली खत लागते. हे खत वरच्या १५ सेंटिमीटर मातीत खुरप्याने मिसळावे. वाट दहा सेंटिमीटर खाली गेली आणि वाफा चौदा-पंधरा सेंटिमीटर वर आला, म्हणजे वाटेच्या तळापासून उंची सुमारे २५ सेंटिमीटर झाली. पहिल्या पावसात माती बसल्यावर हीच उंची १५ ते २० सेंटिमीटरवर स्थिरावते.

काळी माती हलकी करण्यासाठी तीत थोडी वाळू मिसळण्याची चाल आहे. तिचा उपयोग होत नाही. वाळूचे थोडे कण चिकणमातीत रुतून बसतात आणि वाळल्यावर माती विटेसारखी कठीण होते. काळ्या मातीला भुसभुशीत करणारा खरा पदार्थ म्हणजे कुजलेला पालापाचोळा आणि शेणखत. मात्र कच्चे शेण कधीही घालू नये. त्यातून हुमणी आणि तणाचे बी वाफ्यात शिरते. तयार खत काळसर आणि मोकळे असते, त्याला दुर्गंधी नसते आणि ते कशापासून झाले, हे ओळखू येत नाही.

कडेला आधार द्यायचा असल्यास काळा दगड, जुनी कौले किंवा बांबू वापरावेत. विटा लावल्या तर त्यांचे सांधे सिमेंटने बुजवू नयेत. पाणी पाझरण्याची वाटच बंद केली तर उंच वाफाही चिखलाचे हौद बनतो.

काय लावावे?

पावसाळ्यात गवार, भेंडी, चवळी, वांगी, मिरची, तांदुळजा, राजगिरा आणि अंबाडी घ्यावी. मांडवावर दोडका, कारले, घोसाळी, दुधी आणि वाल चढवावा. हिवाळ्यात नाशिकची थंडी ही परसबागेची मोठी ठेव असते. मेथी, पालक, कोथिंबीर, शेपू, चाकवत, मुळा, गाजर, वाटाणा, कोबी, फ्लॉवर, कांदापात आणि लसूण या काळात उत्तम येतात. उन्हाळ्यात भेंडी, गवार, काकडी, चवळी आणि तांदुळजा साथ देतात.

एका वाफ्यात वांग्याची रोपे ६० सेंटिमीटर अंतरावर दोन ओळींत लावल्यास दहा रोपे बसतात. मिरची ४५ सेंटिमीटरवर आणि भेंडी ३० सेंटिमीटरवर लावावी. मेथी, पालक, मुळा यांचे बी फेकून न पेरता १५ सेंटिमीटर अंतराच्या ओळींत पेरावे, म्हणजे खुरपणी सोपी होते. मेथी आणि कोथिंबिरीचा सगळा वाफा एकाच दिवशी पेरू नये. दर दहा-बारा दिवसांनी वाफ्याचा एक तुकडा पेरावा. असे केल्यास एकाच आठवड्यात सगळी भाजी काढणीला न येता ती सतत पुरते.

वांगी, मिरची, टोमॅटो आणि बटाटा ही एकाच कुळातील पिके आहेत. त्यांचे मुळांचे रोग आणि सूत्रकृमी समान असतात. म्हणून एकाच वाफ्यात ती पाठोपाठ घेऊ नयेत. चार वाफ्यांचा खरा फायदा येथे होतो. पहिल्यात शेंगभाज्या, दुसऱ्यात फळभाज्या, तिसऱ्यात पालेभाज्या आणि चौथ्यात मुळा, गाजर, कांदा असा क्रम लावावा आणि दर हंगामाला प्रत्येक गट एक वाफा मागे सरकवावा. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र मातीत साठवितात. त्यांच्यामागून फळभाज्या आल्या तर त्याचा लाभ त्यांना मिळतो.

उन्हाळ्यात वाफा खाली घ्यावा

गादीवाफा बांधून झाला की तो वर्षभर तसाच ठेवण्याकडे कल असतो. हे मात्र योग्य नाही. जो वाफा जुलैत पाणी झटकन सोडतो, तो एप्रिलमध्येही तेच करतो. त्याच्या चारही बाजू उघड्या असल्याने उन्हाने आणि वाऱ्याने तो लवकर सुकतो. घातलेले पाणी वाटेत उतरते आणि कष्टाने आणलेली बादली वाया जाते.

यासाठी वाफ्याची उंची ऋतूप्रमाणे बदलावी. हस्ताचा पाऊस सरल्यावर रब्बीच्या पेरणीपूर्वी वाफ्याचा माथा सपाट करून कडेला बोटभर उंचीची कड करावी. फेब्रुवारीअखेरीस वाफ्याच्या मधली माती कडेला ओढून चारही बाजूंना आठ ते दहा सेंटिमीटरचे बांध घालावेत, म्हणजे वाफा खोलगट होतो आणि पाणी आत अडते. फळभाज्यांच्या रोपांना स्वतंत्र आळी करावीत. मातीवर वाळलेला पाला किंवा उसाचे पाचट पाच ते सात सेंटिमीटर जाड पसरावे. त्याने मुळांशी गारवा राहतो, बाष्पीभवन घटते आणि पुढील पावसाळ्यापर्यंत तो पाला कुजून वाफ्याचे खतच होतो. मे महिन्यात कडेची माती पुन्हा मध्ये ओढली की गादीवाफा तयार. पहिल्या वर्षीची मोठी खणणी पुन्हा करावी लागत नाही.

उन्हाळ्यात दर चौरस मीटरला दिवसाला पाच ते सहा लिटर पाणी लागते, असे धरावे. चार वाफ्यांना हे साठ ते सत्तर लिटर होते. पाण्याची टंचाई असेल तर चारही वाफे जगविण्याचा आग्रह न धरता एकच वाफा पिकाखाली ठेवावा आणि उरलेले पाल्याने झाकून ठेवावेत. तांदूळ, डाळ आणि भाजी धुतलेले पाणी वाफ्याला चालते. साबणाचे पाणी पालेभाजीला घालू नये. ते केळीला द्यावे.

रोग आणि किडी

पावसाळ्यात रोपे बुडाशी कुजून कोलमडण्याचा रोग जमिनीतील बुरशीमुळे होतो. बी दाट पेरले गेले आणि मातीत पाणी साचले तर तो झपाट्याने पसरतो. त्यावर पहिला उपाय उंच वाफा आणि विरळ पेरणी हाच होय. पेरणीपूर्वी किलोभर बियाण्याला पाच ग्रॅम या प्रमाणात ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी चोळावी. घरच्या बियाण्याला चिमूटभर पुरते.

मावा आणि पाने खाणाऱ्या अळ्यांसाठी पाच टक्के निंबोळी अर्क वापरावा. अर्धा किलो निंबोळी पावडर थोड्या पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी फडक्यातून गाळावी आणि अर्क दहा लिटर करून संध्याकाळी फवारावा. वाफ्यांच्या कडेने झेंडू लावल्यास सूत्रकृमींचा उपद्रव कमी होण्यास मदत होते. परसबागेचा खरा रखवालदार मात्र रोजची नजर हाच आहे. पानामागील अंडीपुंज आणि अळ्या हातानेच वेचून टाकता येतात. एवढे लक्ष शेताला देता येत नाही, पण चार वाफ्यांना सहज देता येते.

गच्चीवर वाफा करण्यापूर्वी

शहरातील अनेक कुटुंबांना परसदार नसते आणि त्यांचे लक्ष गच्चीकडे जाते. येथे सावधगिरीची गरज आहे. ओल्या मातीचा २० सेंटिमीटर जाडीचा थर दर चौरस मीटरला साडेतीनशे किलोच्या आसपास भरतो. राहत्या घराची वापराची गच्ची सामान्यतः दर चौरस मीटरला सुमारे दीडशे किलोचा भार धरून बांधलेली असते. म्हणून अभियंत्याच्या सल्ल्यावाचून गच्चीवर मातीचे वाफे करू नयेत. तेथे पालापाचोळा आणि उसाची चिपाडे कुजवून केलेले हलके मिश्रण पिशव्यांत किंवा टोपल्यांत भरणे हिताचे ठरते.

बियाणे घरचे ठेवावे

नाशिकला लागून असलेल्या अकोले तालुक्यातील (जिल्हा अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर) कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी बायफ संस्थेच्या साहाय्याने गावरान बियाण्यांचा संग्रह उभा केला. वालासारख्या भाज्यांचे स्थानिक वाण त्यांनी परसबागेतूनच जतन केले. २०२० च्या पद्मश्री सन्मानाने त्यांच्या कार्याचा गौरव झाला. वाल, चवळी, गवार, भेंडी, दोडका, तांदुळजा यांचे बी घरी धरणे अवघड नाही. सर्वांत निरोगी रोपाची पहिल्या बहरातील दोन-चार फळे न तोडता पूर्ण पिकू द्यावीत आणि बी सावलीत सुकवून राखेत घोळून ठेवावे. मात्र संकरित वाणाचे बी धरू नये, कारण पुढच्या पिढीत त्याचे गुण टिकत नाहीत.

प्रथम एक प्रयोग

कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून सामान्य शेतकऱ्याला आपल्याच जमिनीत मोजमाप करून शिकण्याची सवय लावली. परसबागेलाही ती सवय उपकारक आहे. ज्यांना गादीवाफ्याविषयी खात्री वाटत नाही, त्यांनी या वर्षी चार वाफे करण्याऐवजी दोनच करावेत. एक उंच करावा आणि एक सपाट ठेवावा. दोन्हींत तेच खत, तेच बी, त्याच दिवशी घालावे. उगवलेली रोपे, दगावलेली रोपे, मोठ्या पावसानंतर वाफसा येण्यास लागलेले दिवस आणि काढलेल्या भाजीचे वजन यांची नोंद एका वहीत ठेवावी. हे काम घरातील शाळकरी मुलाकडे सोपवावे. दसऱ्यापर्यंत ती वही आपल्या जमिनीविषयी पुष्कळ काही सांगेल.

अधिक मार्गदर्शनासाठी तालुका कृषी अधिकारी, नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र आणि राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्याशी संपर्क साधता येईल. महिला बचत गटांनी आणि शाळांनी मिळून असे वाफे केल्यास खत, बी आणि अनुभव यांची देवघेवही होईल. त्यासाठी लागणारे साहित्य फार नाही. कुदळ, फावडे, दहा घमेली कुजलेले खत आणि मृगापूर्वीचे दोन दिवस एवढ्यावर पहिला वाफा उभा राहतो. श्रावणात भाजी हवी असेल, तर हे दोन दिवस मे महिन्यातच काढले पाहिजेत.